तोतया फौजी फक्त पैशासाठी खोटं बोलतो?

‘मी सैन्यात होतो’ अशी थाप मारणारा पेन्शन किंवा सवलती लाटायलाच निघालेला असतो, हा समज जुना आहे. असे लोक असतातच, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही.

अमेरिकेतला झेवियर अल्वारेझ घ्या. 2007 साली कॅलिफोर्नियातल्या पाणीपुरवठा मंडळाच्या बैठकीत उभा राहून त्यानं स्वतःची ओळख करून दिली: 25 वर्षं मरीन दलाचा सैनिक, अनेकदा जखमी, वर ‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक. सगळं खोटं! बरं, मंडळावर तो आधीच निवडून आला होता. या थापेतून दमडीही सुटणार नव्हती. नशिबी न आलेला मान मिळवायची ही केविलवाणी धडपड, असं सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या निकालातच म्हटलं आहे. नुसती बढाई गुन्हा ठरवणारा कायदा तेव्हा रद्द झाला. 2013 च्या कायद्यात लाभ उकळण्याचा हेतू असावा लागतो.

शिवाय काही तोतये खरोखर नोकरीत असतात. काम भांडारात मोजदादीचं, किस्से मात्र कमांडोचे.

पकडले गेले की ठरलेलं उत्तर: ‘माझी फाइल आगीत जळाली.’ 1973 साली अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या लष्करी अभिलेखागारात आग लागली, दीड कोटीहून जास्त फाइली गेल्या, हे खरंच. पण त्या भूदल आणि हवाई दलाच्या होत्या. नौदलाचा ‘कमांडो’ ही सबब सांगतो तेव्हा तिथंच फसतो.