मोटारसायकलच्या ट्यूबमधला श्वास

दुसऱ्या महायुद्धाच्या थोडं आधी 'सुफ्रेन' या फ्रेंच युद्धनौकेवरच्या शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराने एक अजब जोडकाम केलं. गॅस मास्कचा सोडा लाइम भरलेला डबा, ऑक्सिजनची छोटी बाटली आणि मोटारसायकलच्या ट्यूबचा एक तुकडा. हे घालून पाण्यात उतरणार होता नौदलातला एक तरुण अधिकारी, झाक कुस्तो.

कल्पना काही वेडगळ नव्हती. आपण आत घेतलेल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर सोडलेल्या हवेतही १६ टक्क्यांच्या आसपास उरतोच. मालवणला स्कूबा केलं असेल तर कानाशी बुडबुड्यांचा गडगडाट आठवत असेल. तो सगळा न वापरलेला ऑक्सिजन. शिवाय ३० मीटरवर दाब चौपट, म्हणून एका श्वासाला चौपट हवा लागते, पण शरीराची ऑक्सिजनची गरज खोलीमुळे वाढत नाही. निवांत बसलेल्या माणसाला मिनिटाला पाव लिटर पुरतो. मग तीच हवा पिशवीत साठवावी, तिच्यातला कार्बन डायऑक्साइड काढावा, खर्च झाला तेवढाच ऑक्सिजन घालावा आणि पुन्हा ओढावी. अशा यंत्राला रिब्रीदर म्हणतात. कुस्तोच्या यंत्रात पिशवीचं काम ट्यूबकडे होतं, आणि तिच्यात हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजन होता.

कार्बन डायऑक्साइड काढण्याची युक्ती आपण शाळेत पाहिलेली आहे. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते. सोडा लाइमही मुख्यतः चुनाच, फक्त दाण्यांच्या रूपात. दाण्यांवरून श्वास गेला की वायू अडकतो, डबा गरम होतो आणि पाणी सुटतं. त्यामुळे रिब्रीदरमधली हवा उबदार आणि दमट लागते.

कुस्तोच्या साठ वर्षं आधी, १८७८ मध्ये, इंग्लंडच्या हेन्री फ्लूसने कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेले दोराचे तंतू वापरून असंच यंत्र केलं होतं. १८८० मध्ये सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्यात पाणी भरलं, तेव्हा अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या ते पाठीवर घेऊन काळोखात सुमारे ३०० मीटर आत गेला. नेहमीच्या पोशाखाची लांबच लांब हवेची नळी ओढत तिथवर जाणं जमत नव्हतं. पाणी अडवण्यासाठी त्याने लोखंडी दार लावलं, व्हॉल्व्हही फिरवला. गंमत अशी, की त्या व्हॉल्व्हचे आटे उलटे होते. तो आधीच बंद होता, आणि लँबर्टने जिवावर उदार होऊन तो उघडला!

कुस्तोची चूक मात्र आट्यांइतकी साधी नव्हती. सुमारे १४ मीटरवर त्याचे ओठ थरथरू लागले, पाठ धनुष्यासारखी वाकली. वजनांचा पट्टा कसाबसा सोडून तो वर आला. सोडा लाइम भेसळीचं असावं, असं त्याला वाटलं. कारागिरांनी यंत्र सुधारून दिलं, तो पुन्हा तेवढ्याच खोलीवर गेला आणि पुन्हा आचके आले. या वेळी बुडता बुडता वाचला. दोष डब्यात नव्हताच. दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन मेंदूला विषासारखा ठरतो, हे फ्रान्सच्याच पॉल बेरने १८७८ मध्ये दाखवून दिलं होतं. फ्लूसने यंत्र केलं तेच साल! आज शुद्ध ऑक्सिजनसाठी ६ मीटर ही मर्यादा मानतात.

कुस्तोने तो नाद सोडला आणि १९४३ मध्ये एमिल गान्यांसोबत दाबाखालच्या साध्या हवेवर चालणारं, बुडबुडे सोडणारं यंत्र केलं. त्याच सुमारास अमेरिकेत ख्रिश्चन लँबर्टसन हा वैद्यकीचा विद्यार्थी भूल देण्याच्या उपकरणात फेरफार करून ऑक्सिजन रिब्रीदर घडवत होता. 'स्कूबा' हे नावही त्यानेच रूढ केलं. भूल देण्याच्या यंत्रावर सोडा लाइमचा पारदर्शक डबा आजही असतो. दाणे वापरून संपले की जांभळे पडतात, मग बदलायचे. पाठीवरच्या डब्यात पाणबुड्याला ते दिसणार कसे?

त्याहून कपटी आहे ऑक्सिजन कमी पडणं. श्वास कोंडल्यावर होणारी तगमग मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते. इथे तो वायू चुन्यात शोषला जात राहतो, म्हणून तगमग होत नाही आणि माणूस सरळ बेशुद्ध पडतो. म्हणून खोलवर जाणाऱ्या आजच्या रिब्रीदरमध्ये ऑक्सिजन मोजणारे बहुधा तीन सेन्सर असतात. एक वेगळं बोलला तर उरलेल्या दोघांचं ऐकायचं. पण तिन्ही एकाच वेळी विकत घेतलेले, एकाच दमट हवेत म्हातारे झालेले असले, तर दोघं मिळून खोटंही बोलू शकतात.

इलेक्ट्रॉनिक्स कितीही आलं तरी डबा अनेकदा हातानेच भरावा लागतो. दाणे थोडे थोडे ओतायचे, बाजूंना टिचक्या मारायच्या, बसले की वर आणखी घालायचे. कुठे पोकळी राहिली, की श्वास तेवढ्याच वाटेने निसटतो आणि बाजूचा चुना कोराच राहतो.