मेडिकलमधील मदतनीस : कायदा आणि नीती

मराठवाड्यात औषधाच्या दुकानाला 'मेडिकल' म्हणतात. काउंटरवर चिठ्ठी घेऊन गोळ्या काढून देणारा पुष्कळदा फार्मासिस्ट नसतो, मदतनीस असतो. जुनी माणसं त्याला अजून 'कंपाउंडर' म्हणतात. फार्मसी ॲक्टनुसार (कलम ४२) डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं असतं. हा कायदा मार्च १९४८ चा, म्हणजे मराठवाडा निजामाच्या राज्यात असतानाचा. १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली औषध देऊ देतो. मदतनिसाला जागा आहे ती एवढीच. प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं आणि फार्मासिस्ट दुसऱ्याच गावी, असा 'भाड्याचा' कारभार बेकायदा आहे. त्यात सगळ्यात जास्त अडकतो तो मदतनीस.

शेड्यूल एच१ या औषध नियमांतल्या कडक नोंदीच्या यादीतली औषधं १ मार्च २०१४ पासून वेगळ्या रजिस्टरात नोंदवावी लागतात: डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं. हे रजिस्टर ३ वर्षं जपायचं. ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलम, नायट्राझेपाम आणि क्षयाची औषधं याच यादीत आहेत. छत्रपती संभाजीनगरात नशेसाठी विकल्या जाणाऱ्या झोपेच्या गोळ्यांना 'बटन' म्हणतात. चिठ्ठीविना दिलेली एक पट्टी तिथवर पोचू शकते, म्हणून ओळखीच्या माणसालाही नाहीच म्हणायचं. शेड्यूल एच आणि एक्स या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या याद्या; त्यांतल्या औषधाच्या जागी दुसऱ्या कंपनीचं औषध परस्पर देता येत नाही, घटक तोच असला तरी.

कापूस वेचून आलेली बाई 'अंग लई दुखतंय, काहीतरी द्या' म्हणते, तेव्हा खरी कसोटी लागते. तिला वेदनाशामकासोबत स्टेरॉइडची गोळी दिली की रात्रीत आराम पडतो आणि पुढच्या आठवड्यात ती तीच मागायला येते. तिला दवाखान्यात पाठवणं हेच मदतनिसाचं काम. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

आठवडी बाजाराच्या दिवशी काउंटरवर गर्दी असते, सगळे एकमेकांच्या ओळखीचे. क्षयाच्या गोळ्यांचं नाव मोठ्यानं घेतलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं. पाकिटावर '१-०-१' लिहून भागत नाही. वाचता न येणाऱ्याला बाजूला घेऊन, हळू आवाजात, सकाळची आणि रात्रीची गोळी हातात दाखवून सांगावी लागते. पट्टी कापताना मुदत आणि बॅच क्रमांक छापलेला भाग शेवटपर्यंत ठेवायचा, म्हणजे उरलेली गोळी कधीची आहे हे दुकानातल्या कुणालाही कळतं.