अमेरिकेत नाजूक प्रकृतीच्या मुलासाठी घरी मदतनीस : पगार जास्त म्हणून अर्ज सोडू नका

पोटातल्या नळीतून दूध घेणारं बाळ इस्पितळातून घरी आलं की आईबाबांची झोप संपते. अशा वेळी घरच्या मदतनिसाचा खर्च मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना, देऊ शकते. ‘आपला पगार मेडिकेडमध्ये बसणार नाही’ असं ठरवून गप्प बसू नका.

आयोवातल्या केटी बेकेट या चिमुरडीचा खर्च सरकार इस्पितळात करत होतं, घरी नेलं तर करणार नव्हतं. त्या प्रकरणानंतर १९८२ च्या कायद्यात सोय झाली : इस्पितळासारखी काळजी लागणारं, १९ वर्षांखालचं मूल घरी राहत असेल, तर राज्याला आईवडिलांचं उत्पन्न बाजूला ठेवता येतं. काही राज्यं हेच वेव्हरमधून, म्हणजे मेडिकेडच्या नेहमीच्या नियमांतून सूट देणाऱ्या खास योजनेतून करतात. टेक्सासच्या अशाच योजनेला, एमडीसीपीला, प्रतीक्षा यादी आहे, म्हणून नाव आजच नोंदवा.

मुलाच्या स्वतःच्या नावावरचे पैसे मात्र मोजले जातात, मर्यादा बहुतेक ठिकाणी २,००० डॉलर. आजीआजोबांनी प्रेमाने नातवाच्या नावे ठेवलेली रक्कमही त्यात येते. अर्जाआधी एबल खात्याची (अपंग व्यक्तीच्या नावाचं खास बचत खातं, ज्यातले पैसे सहसा या मर्यादेत धरत नाहीत) चौकशी करा.

मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर तुमच्या व्हिसामुळे त्याचा हक्क जात नाही. अर्जदार तेच असतं.

जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी क्रमांक, राहत्या पत्त्याचा पुरावा, खासगी विम्याचं कार्ड, इस्पितळाचे अहवाल हे लागतंच. खरा भार डॉक्टरांच्या पत्रावर असतो. ‘काळजीची गरज आहे’ एवढ्याने मदतनिसाचे तास मंजूर होत नाहीत. रात्री किती वेळा सक्शन (नळीने कफ ओढून काढणं), किती वेळा फीड, झटका आल्यावर कोण काय करतं, हे दोन आठवडे वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना द्या.

होम हेल्थ एड, म्हणजे घरी येणारी मदतनीस, अंघोळ, कपडे, कूस बदलणं, उचलणं हे करते. व्हेंटिलेटर सांभाळायला सहसा नर्स लागते, तिचे तास वेगळे मागावे लागतात. मेडिकेड मिळालं की २१ वर्षांखालच्या मुलाला वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक सेवा देणं राज्याला बंधनकारक आहे. काही राज्यांत प्रशिक्षण घेतलेल्या आईवडिलांनाच या कामाचा पगार मिळतो, तेही विचारा.

अपंगत्वावर आधारलेल्या मेडिकेडच्या अर्जावर ९० दिवसांत निर्णय यायला हवा. नकार आला तर पत्रावरची तारीख पाहून लगेच सुनावणी मागा. चालू तास कापत असतील, तर कपात लागू होण्याआधी मागणी केल्यास निकालापर्यंत ते सुरू ठेवता येतात.