खबऱ्याला काय विचारायचं आणि कधी गप्प बसायचं

डिटेक्टिव्ह गेममध्ये लोक सगळ्यात जास्त माती खातात ती खबऱ्याशी, म्हणजे माहिती ज्याच्याकडे असते त्या खेळाडूशी, बोलताना. क्लू कार्डं नीट वाचतात, नकाशा बघतात, आणि खबरी समोर आला की लगेच "लाल शर्ट होता का? हातात बॅग होती का?" अशी फैर सुरू. असं हो-नाहीवालं विचारणं गणितात मस्त चालतं, प्रत्येक प्रश्नाला शक्यता निम्म्या झाल्या तर 20 प्रश्नांत 10 लाखांहून जास्त गोष्टींतली एक हुडकता येते, पण त्यासाठी उत्तरं पक्की हवीत आणि माणसाची आठवण तशी पक्की नसते, कधीकधी ती आपल्या प्रश्नानेच बदलते.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये हे दाखवून दिलं. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवून स्पीड विचारला, फक्त प्रश्नातलं क्रियापद वेगवेगळं ठेवलं. गाड्या "जोरात आदळल्या तेव्हा" असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी 40.5 मैल, नुसतं "टेकल्या तेव्हा" म्हटलं तर 31.8. पुढच्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का, तर "आदळल्या" ऐकलेल्या 50 पैकी 16 जण हो म्हणाले, आणि स्पीडचं काहीच न विचारलेल्या 50 मध्ये 6. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती!

आता समजा आपला गेम ठाण्यातलाच आहे, तलावपाळीवर, म्हणजे तलावाच्या काठी, संध्याकाळी एकाची बॅग गेली आणि खबरी आहे भेळवाला. ज्याच्याकडे ही भूमिका आहे त्याने कार्ड एकदाच वाचून परत दिलंय, म्हणजे तोही आठवणीतूनच बोलणार. त्याला "काका, गडकरीच्या बाजूने कोण पळालं?" असं विचारलंत की गडकरी रंगायतन हे नाट्यगृह आणि पळणं दोन्ही तुम्हीच त्याच्या डोक्यात घातलंत. त्यापेक्षा "काका, गाडी कुठे लावली होती, गर्दी कशी होती, पहिल्यापासून सांगा, फालतू वाटलं तरी सांगा" म्हणा आणि मध्ये तोंड घालू नका. तो थांबला तरी लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, थोडं थांबलात की बरेचदा अजून काहीतरी येतं, मला तर सगळ्या पद्धतीत हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मग त्यालाच उलटं सांगायला लावा, गाडी आवरली तिथून मागे मागे. ही पद्धत एडवर्ड गायझेलमन आणि रोनाल्ड फिशर यांनी 1980 च्या दशकात साक्षीदारांसाठी बनवली, तिला कॉग्निटिव्ह इंटरव्ह्यू म्हणतात, आणि 1989 च्या मायामीतल्या अभ्यासात ट्रेनिंगनंतर पोलिस डिटेक्टिव्हना आधीपेक्षा 47% जास्त माहिती मिळाली.

पण हे झालं विसरणाऱ्या खबऱ्याचं. लपवणारा असेल तर?

तिथे लोक चेहरा वाचायला बघतात, नजर चुकवली, घाम आला वगैरे. त्याच्या भरवशावर राहू नका. 2006 मध्ये चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी खूप सारे अभ्यास एकत्र करून बघितलं, माणसं खरं-खोटं साधारण 54% वेळा बरोबर ओळखतात, म्हणजे छापा-काट्यापेक्षा किंचित बरं. चालतं ते वेगळंच, हातातला पुरावा उशिरा काढणं. त्याच वर्षी स्वीडनमध्ये शिकाऊ पोलिसांवर प्रयोग झाला, ज्यांना हे शिकवलं होतं त्यांनी 85% वेळा बरोबर ओळखलं, बाकीच्यांनी 56%.

म्हणजे तुमच्याकडे बोटिंगचं तिकीट असलेलं कार्ड आलं, आणि तुम्हाला वाटतंय ते समोरच्याचं आहे, तर ते पालथं ठेवा आणि आधी "संध्याकाळी कुठे कुठे होतात?" एवढंच विचारा. ज्याने काही केलं नाही तो बोटीचं बहुतेक वेळा आपणहून सांगून टाकतो, लपवणारा तो भागच गाळतो, "मी राम मारुती रोडलाच होतो, तलावाकडे आलोच नाही". मग तिथे कोणी ओळखीचं दिसलं का, अजून कुठे गेला होतात का वगैरे बाजूबाजूचं विचारून घ्या, म्हणजे नंतर पळवाट उरत नाही, आणि त्यानंतर तिकीट टेबलावर. तेच आधी दाखवलं असतं तर "हो हो, मुलाला फिरवायला नेलं होतं" म्हणून त्याने तिथल्या तिथे जुळवून घेतलं असतं.