इंडियम सांधा

काचेच्या दोन तुकड्यांमध्ये, अथवा काच आणि धातू यांच्यामध्ये, इंडियम या अतिशय मऊ धातूची तार किंवा पातळ पट्टी ठेवून ती दाबाने चेपली असता जी हवाबंद जोडणी तयार होते तिला इंडियम सांधा म्हणतात. यात धातू वितळवावा लागत नाही आणि काचही तापवावी लागत नाही, हे याचे मुख्य वैशिष्ट्य होय.

काच काचेला जोडण्यातली मूळ अडचण तिच्या ठिसूळपणात आहे. घासून गुळगुळीत केलेल्या दोन काचा एकमेकींवर दाबल्या तरी त्या मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात; मधल्या खळग्यांत काच उतरत नाही आणि दाब वाढवत नेल्यास ती तडकते. त्यामुळे आकार बदलण्याचे काम मधल्या पदार्थाने करावे लागते. १८६३ मध्ये जर्मनीतील फ्रायबर्ग येथे फेर्डिनांट राइख आणि टेओडोर रिख्टर यांनी शोधलेला, आणि वर्णपटातील निळीच्या रंगाच्या रेषेवरून नाव मिळालेला इंडियम या कामाला फार अनुकूल आहे. मोस मापश्रेणीत त्याची कठिनता सुमारे १.२ असून नखानेही त्यावर ओरखडा उमटतो. शिसेही मऊ आहे आणि शिशाचे दोन ताजे कापलेले पृष्ठभाग नुसत्या दाबाने एकमेकांना चिकटतात, हे इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन देसाग्युलिए यांनी १७२४ मध्येच दाखवले होते. परंतु शिसे काचेला नीट धरत नाही, इंडियम धरतो.

हवेत इंडियमवर ऑक्साइडची अतिशय पातळ साय धरते. तार चेपून पसरू लागली की ही साय फाटते, आतला ताजा धातू काचेला भिडतो आणि काचेतील ऑक्सिजनशी त्याचे बंध जुळतात. म्हणूनच नुसता दाब देण्यापेक्षा धातू पसरणे महत्त्वाचे ठरते. पट्टी आधीच रुंद आणि चपटी असेल तर ती फारशी पसरत नाही, म्हणून गोल तार अधिक भरवशाची.

प्रत्यक्षात सुमारे एक मिलिमीटर जाडीची तार सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लात बुडवून साय काढतात, ती पाण्याने धुऊन कोरडी करतात आणि स्वच्छ काचेवर कड्यासारखी मांडतात. टोकांना डाग देण्याची (सोल्डरिंगची) गरज नसते. ती एकमेकांवर आडवी ठेवली की दाबाखाली एकजीव होतात. दाब सावकाश आणि सगळीकडे सारखा वाढवावा लागतो, कारण इंडियम बराच वेळ सरकत राहतो. बोल्ट वापरले असतील तर काही वेळाने ते पुन्हा आवळावे लागतात. सांधा पारदर्शक काचेतून डोळ्यांनीही तपासता येतो : जिथे धातू काचेला पूर्ण भिडला तिथे आरशासारखी चकाकी दिसते आणि जिथे फट राहिली तिथे पट्टा करडा व निस्तेज दिसतो. अंतिम खात्री मात्र हेलियम वायूच्या गळती-चाचणीनेच होते. काही वेळा काचेवर आधी क्रोमियम व सोने यांचे पातळ लेप देतात, म्हणजे इंडियमला धातूवरच चिकटता येते.

अतिशय मंद प्रकाश मोजणारी प्रकाशगुणक नलिका व अंधुक दृश्य उजळ करून दाखवणारा प्रतिमा-तीव्रक यांची काचेची खिडकी बसवण्यासाठी हा सांधा विशेष उपयोगी पडतो. त्यांतील प्रकाशसंवेदी लेप हवा लागताच बिघडतो आणि उष्णताही त्याला सोसत नाही, त्यामुळे खिडकी निर्वातातच, थंड अवस्थेत दाबून बसवतात. अतिशीत उपकरणांतही इंडियमला तोड नाही : द्रवरूप हेलियमच्या सुमारे −२६९° से. तापमानाला रबरी कडे काचेसारखे कडक होते, इंडियम मात्र मऊच राहतो. दोन तावदानांमधली हवा काढून घेतलेल्या निर्वात काचांच्या कडा पूर्वी सुमारे ४५०° से. तापमानाला वितळणाऱ्या काचेने बंद करत. एवढ्या उष्णतेत कठोर केलेल्या काचेची मजबुती जाते, म्हणून उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर विद्यापीठात २००° से. च्या आत इंडियमने कडा बंद करण्याची पद्धत विकसित झाली. तीत इंडियम वितळवला जात असल्याने ती काटेकोरपणे दाबसांध्यात मोडत नाही.

इंडियम १५६.६° से. ला वितळतो, त्यामुळे सांधलेले उपकरण त्याहून बऱ्याच कमी तापमानातच ठेवावे लागते. तो ताणाला दुबळा आहे. सतत भार पडला तर सांधा हळूहळू सरकतो. यासाठी वजन पेलण्याचे काम चौकट, आधारखांब किंवा बोल्ट यांच्याकडे ठेवून इंडियमवर केवळ फट बुजवण्याचे काम सोपवतात.