नऊवारीतला वार आणि सोमवारातला वार

परवा आईबरोबर नऊवारी घ्यायला गेलो होतो, काउंटरवरचा पोरगा म्हणाला सव्वाआठ मीटर आहे काकू, तर आई म्हणे ते मीटर राहू दे रे, पुरे नऊ वार आहे का ते सांग. तेव्हापासून हा वार डोक्यात बसलाय, कारण सोमवारात पण वार, तलवारीचा पण वार, आणि गाय व्यायली की ‘वार पडली का’ विचारतात ती वार, म्हणजे वासरामागून पडणारी जार, तर चक्क स्त्रीलिंगी.

कापडाचा वार पोर्तुगीज आहे. त्यांच्याकडे ‘वारा’ म्हणजे काठी, मोजायची काठी म्हणून मापाचं नावही तेच, साधारण १.१ मीटर. गोवा १५१० पासून आणि वसई १५३४ पासून त्यांच्या ताब्यात, त्यामुळे पगार, चावी, हापूस आले तसा हाही आला. पुढे इंग्रजांचा यार्ड आला आणि आपण त्यालाच वार म्हणायला लागलो, म्हणजे नाव पोर्तुगीज आणि लांबी इंग्रजी, ३ फूट. १९५६ च्या कायद्याने मीटर आणला तरी साडी काही मीटरवारी झाली नाही.

दिवसाचा वार मात्र संस्कृत, आणि त्याचा मूळ अर्थ दिवस नाहीच, पाळी आहे. वारंवार म्हणतो ना, तोच. महाभारतात बकासुराकडे माणूस पाठवायची पाळी त्या ब्राह्मणाच्या घरावर येते तिथे शब्द ‘वार’च आहे. मग एकेका ग्रहाची पाळी म्हणून सोमवार, मंगळवार. पण हे वेदांत शोधायला जाऊ नका, तिथे नक्षत्रं आहेत, ग्रहांचे सात वार नाहीत, ते ग्रीक-रोमन ज्योतिषाबरोबर नंतर आले. मध्य प्रदेशात एरणला गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातला कोरीव लेख आहे, इ.स. ४८४ चा, वाराचा उल्लेख असलेल्या आपल्याकडच्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. गंमत अशी की तिथे लिहिलंय ‘सुरगुरूचा दिवस’, म्हणजे देवांचा गुरू बृहस्पतीचा, वार हा शब्दच नाही!

पूर्वी पुण्यात गरीब मुलं वार लावून जेवायची, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं आठवडाभर. त्यात दिवस पण आला आणि पाळी पण, मला तर हा वापर सगळ्यात आवडतो.

उमेदवार, तपशीलवार यातला वार फारसी, तो नुसता प्रत्यय, त्यात फार काही नाही. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूरकडच्या आडनावांतला वार मात्र भारी आहे, मुनगंटीवार, उत्तरवार वगैरे, तो तेलुगू ‘वारु’, म्हणजे अमक्या घरची मंडळी, आदरार्थी बहुवचन. आठवड्याशी काडीचा संबंध नाही, पण आमच्या होस्टेलवर तिकडचा एक जण होता त्याला चार वर्षं सगळे आठवा वार म्हणायचे.