युद्धाची घोषणा वेगळी, बळाच्या वापराची मुभा वेगळी

‘अमेरिकन काँग्रेसची युद्धाला मंजुरी’ असा मथळा आपण सहज वाचून जातो. (काँग्रेस म्हणजे तिथली संसद, आपल्याकडचा पक्ष नव्हे.) पण अशी मंजुरी दोन तऱ्हेची असते, आणि घोळ तिथेच होतो.

एक म्हणजे युद्धाची घोषणा. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष सरसेनापती असतो खरा, पण युद्ध जाहीर करण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसकडे ठेवलाय. जपानने पर्ल हार्बर या अमेरिकी नाविक तळावर हल्ला केला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं भाषण संपलं आणि तासाभरात जपानविरुद्ध युद्ध मंजूर झालं. काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी प्रतिनिधीगृहात ३८८ विरुद्ध १. ते एक मत जॅनेट रँकिन यांचं. त्यानंतर लोक असे अंगावर आले की बाईंना टेलिफोन बूथमध्ये शिरावं लागलं. पोलिसांनी येऊन सोडवलं. घोषणेत शत्रुदेशाचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. शेवटच्या घोषणा जून १९४२ मधल्या, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. म्हणजे व्हिएतनाम किंवा इराक कागदोपत्री ‘जाहीर’ युद्धं नव्हतीच!

ती लढली गेली दुसऱ्या कागदावर: लष्करी बळ वापरायची मुभा. व्हिएतनामसाठीचा १९६४ चा टोंकिनच्या आखाताचा ठराव असाच. सिनेटमध्ये, म्हणजे दुसऱ्या सभागृहात, विरोधात मतं पडली अवघी दोन. २००१ चा ठराव तर साधारण साठ शब्दांचा. ११ सप्टेंबरचे हल्ले ज्यांनी घडवले, किंवा ज्यांनी त्यांना आसरा दिला, त्या देशांवर, संघटनांवर, व्यक्तींवर बळ वापरा. ते कोण, हे ठरवणार राष्ट्राध्यक्षच. त्यात ना अफगाणिस्तानचं नाव, ना अल कायदाचं, ना मुदत. प्रतिनिधीगृहात इथेही ४२० विरुद्ध १, आणि हे एक मतही एका बाईचंच, बार्बरा ली यांचं. युद्ध कुठवर जाईल याचा पत्ता नाही, हाच त्यांचा आक्षेप होता. तेरा वर्षांनी, २०१४ मध्ये, इसिसविरुद्धच्या मोहिमेला याच ठरावाचा आधार दाखवला गेला. दिसायला ही मुभा घोषणेपेक्षा किरकोळ. मला विचाराल तर कोऱ्या कागदावरची सहीच ती.

१९७३ चा युद्धाधिकार कायदा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार मोडून झाला. ‘राष्ट्राध्यक्षाला ६० दिवस मोकळं रान’ असा त्याचा अर्थ लावतात, तो चुकीचा. ही मोकळीक नव्हे, मर्यादा. सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत कळवायचं, आणि घोषणा किंवा मुभा मिळाली नाही तर ६० दिवसांत थांबायचं, माघारीला फार तर आणखी ३० दिवस. २०११ मध्ये लिबियातल्या अमेरिकेच्या हवाई मोहिमेचे ६० दिवस उलटले, मंजुरी नव्हतीच. ओबामा सरकारचं म्हणणं असं की जमिनीवर आपलं सैन्य नाही, समोरासमोर गोळीबार नाही, तेव्हा कायद्याच्या अर्थाने ही लढाईच नाही. विमानं मात्र बॉम्ब टाकतच होती.